देवाकडे तोंड केलेला माइक

जगात भित्री माणसं पुष्कळ असतात. पण भीतीचा असा नीटनेटका, भांड्याकुंड्यांसकट संसार थाटलेला माणूस मी आमच्या मामेसासऱ्यांखेरीज दुसरा पाहिलेला नाही. तुमची-आमची भीती कशी, प्रसंग आला की येते आणि गेला की जाते. मामांची भीती सकाळी त्यांच्याबरोबर उठायची, त्यांच्याबरोबर कापी, म्हणजे इकडची कॉफी, प्यायची. आभाळ जरा काळवंडलं की ते घरातले सगळे खटके बंद करत, वायरी उपसत आणि मग स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळातला सेलसुद्धा काढून ठेवत. 'त्यातही वीजच की नाही?' एरवी रणरणत्या उन्हातही न उघडलेली छत्री ते नारळाच्या झाडाखालून जाताना मात्र उघडत. मी एकदा विचारलं, 'मामा, छत्रीनं नारळ थांबतो का हो?' तर म्हणाले, 'थांबत नाही. पण मज दिसत तर नाही!' आणि सगळ्यांत कहर म्हणजे, कुलूप लावून गेलेल्या स्वतःच्या रिकाम्या घरात शिरताना ते आधी दारावर मोठ्यांदा थाप मारून अंमळ थांबत. आत चोर असलाच तर त्याला परसदारानं जायला वेळ मिळावा म्हणून. 'समोरासमोर आलो तर तोही भिईल, मीही भिईन. कशाला दोघांस त्रास?' भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण मामांच्या पाठीमागचा ब्रह्मराक्षससुद्धा त्यांना विचारूनच पाऊल टाकत असेल.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन कुंभकोणमला आले तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या ह्यांच्या माणसांची मराठी ऐकून मला पहिले काही दिवस वाटायचं की कुणीतरी जुनी बखर वाचतंय आणि मधेच तमिळ बातम्या लागतायत. पुढे सवय झाली. आता माहेरी गेले की मीच 'मज नको' म्हणते आणि भाऊ फिदीफिदी हसतो. तर ह्या घराण्यात आमच्यापासून चार गल्ल्या सोडून राहणारे मामा म्हणजे मोठं प्रस्थ, आणि ते भीतीमुळे नव्हे बरं का! आवाजामुळे. देवानं काय गंमत केली बघा, अख्ख्या गोतावळ्यात जो सगळ्यांत भित्रा, त्याच्या गळ्यात सगळ्यांत निर्भय आवाज घातला. जवळच्या गोविंदपुरमला विठ्ठलाच्या देवळात मामांनी अभंग उचलला की झांजा त्यांच्या मागून यायच्या, त्यांच्यापुढे जायची झांजांची छाती नव्हती. घरी परसात ते 'अगोऽ, ताक दे' म्हणाले की पलीकडच्या आळीतल्या पितळेच्या भांड्यांच्या दुकानात ठोकाठोक क्षणभर थांबायची. भजनाला बसताना हा माणूस आपली भीती बाहेर चपलांजवळ ठेवून येत असे आणि निघताना आठवणीनं पायात घालत असे.

त्यांची भीती नुसती चेष्टेचीच राहिली असती, पण मामींची दृष्टी गेली. हळूहळू गेली, आधी सुईतला दोरा, मग माणसांचे चेहरे, मग सगळंच. त्यांना मूलबाळ नाही. आम्ही सगळे हवालदिल झालो, आणि काय सांगू, तेव्हा मामांची भीती कामाला आली! जो माणूस जन्मभर घरातला प्रत्येक कोपरा, प्रत्येक खिळा, प्रत्येक तापलेलं भांडं भयानं न्याहाळत आला, त्याच्यापेक्षा चांगले डोळे आंधळ्या बायकोला कुठून मिळणार? मामा दिवसभर बोलत. 'उंबरा आला. पाऊल उंच. उजवीकडे पाटा आहे, त्यास लागूं नको. दूध तापलेय. आता रस्त्यात म्हैस आली, थोर आहे, पण स्वभाव शांत दिसतो.' मामी त्या आवाजाचं बोट धरून घरभर, गावभर हिंडायच्या. दुपारी जेवणं झाली की मामा देवासमोर बसून त्यांना भक्तांच्या कथा वाचून दाखवत, मग वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्रातल्या प्रत्येक अपघाताच्या बातमीनंतर पाच मिनिटं स्वतःचं भाष्य. मामी फुलं गुंफता गुंफता 'हूं, हूं' करायच्या. मला तर वाटतं मामींना काळोख कधी नीट दिसलाच नाही, इतका त्या घरात आवाज होता.

आणि अशा आवाजाला घोगरेपणा आला. मामांनी मिरी चावली, मध चाटला, देवाला साकडं घातलं, एक डॉक्टर तेवढा केला नाही, कारण डॉक्टरांना ते वाघापेक्षा भीत. शेवटी आमच्या ह्यांनी त्यांना गाडीत घालून तंजावरला नेलं. परत आले तेव्हा मामा कापी न पिता झोपाळ्यावर बसून राहिले, आणि तेव्हाच मी ओळखलं. घशात गाठ होती. काढायलाच हवी होती. जिवाला धोका नाही, डॉक्टर म्हणाले, पण आवाजाचं काही सांगता येत नाही. राहील कदाचित, बहुधा नाही. मला वाटलं होतं मामा आता अंथरूण धरणार. घड्याळातला सेल काढणारा माणूस, गळ्यावर सुरी म्हटल्यावर त्याची काय गत होईल! पण ते शस्त्रक्रियेबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. मामी आत आहेत ह्याची खात्री करून माझ्याजवळ आले आणि कुजबुजले, 'अगो पोरी, आवाज गेला तर तिज उंबरा कोण सांगेल?' इतक्या वर्षांत त्यांची भीती बघून मी कितीदा हसले असेन, त्या दिवशी मात्र माझ्याच काळजाचं पाणी झालं.

उपाय त्यांनीच काढला. मी घरबसल्या मुलांना इंग्रजी शिकवण्याचे व्हिडिओ करते, त्यामुळे आमच्या घरात माइक नावाची वस्तू असते हे त्यांना ठाऊक होतं. शस्त्रक्रियेच्या आधी जितक्या कथा, जितके अभंग होतील तितके आपल्या आवाजात भरून ठेवायचे, म्हणजे पुढे दुपारी मामींना लावून देता येतील. पण मामींना खरं कारण कळता कामा नये. त्यांना सांगायचं काय, तर मामा आता पॉडकास्ट करणार! मामींनी ते निमूटपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, 'करा की. जगास तुमची भीती वाटून द्या थोडी.'

मग सुरू झालं माइकपुराण. मी आधी माझा सदऱ्याला अडकवायचा कॉलर माइक दाखवला, सर्वांत स्वस्त, सर्वांत सोपा. मामा दोन पावलं मागे सरले. 'वायर हृदयापाशी? नको नको, पोदुम!' पोदुम म्हणजे पुरे, बास. मग मी टेबलावर ठेवायचा, सरळ कॉम्प्युटरला जोडायचा एक उभा माइक मागवला. घरगुती कामाला झकास, खिशालाही झेपणारा. पार्सल आलं ते राहुकाळात, म्हणून ते तो संपेपर्यंत ओसरीवर बसवून ठेवण्यात आलं. उघडल्यावर मामांनी त्याला दुरून नमस्कार केला आणि मामींनी हातांनी चाचपून, दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या बुंध्याला काजळाचं बोट लावलं. शॉक लागू नये म्हणून मामा लाकडी पाटावर बसणार हे ठरलं. खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जाड कापड हवं होतं, पण कुंभकोणमच्या उकाड्यात गोधडी आणायची कुठून? माझ्या साताऱ्याच्या दोन गोधड्या निघाल्या, उरलेल्या भिंतीवर मामींच्या रेशमी साड्या टांगल्या. 'फ' आणि 'भ' म्हणताना फुंकर माइकवर आदळते, तर भरतकामाच्या कड्यात जुन्या वेष्टीचं, म्हणजे इकडच्या धोतराचं, पातळ कापड ताणून मी ते माइकपुढे बांधलं. पंख्याची घरघर येते म्हणून पंखा बंद. मामांना घामाच्या धारा लागल्या आणि उष्माघाताची नवी भीती मिळाली, तेवढीच नवलाई.

जागा निवडली देवघरापुढची, कारण भांडीवाल्यांचा ठोका आणि लग्नाच्या हॉलमधला नागस्वर, म्हणजे इकडची लांबलचक सनई, तिथे सर्वांत कमी पोचायचा. देवघरात विठ्ठल-रखुमाई, त्यांच्या पायाशी मामी फुलं गुंफत बसलेल्या, त्यांच्यापुढे बुटक्या टेबलावर माइक, आणि टेबलाच्या अलीकडे देवाकडे तोंड करून मामा. ह्या जातीच्या माइकला तोंड असतं आणि पाठ असते. समोरून बोललं तर स्वच्छ ऐकतो, पाठीमागचं फारसं ऐकतच नाही. म्हणून तर घरच्या गोंगाटात उपयोगी. मी मामांना शिकवलं, 'हा हिरवा दिवा लागतो ना, ती बाजू. ती बोलणाऱ्याकडे हवी.' भरण्यासाठी कॉम्प्युटरवर कुठलं बटण दाबायचं तेही दाखवलं, त्यांनी मान डोलावली. मी रोज घरून फोन करून विचारायचे, 'मामा, दिवा लागतो ना?' 'लागतो म्हणून सांगितलो की!' मी म्हणायचे, चला, सगळं सुरळीत आहे. भरलेलं ऐकून बघू म्हटलं तर कानांवर हात ठेवत. आपलाच आवाज आपण ऐकला की आयुष्य सरतं, आणि शस्त्रक्रियेच्या आधी दुसऱ्या कुणीही ऐकला तर अपशकुन होतो, असं त्यांचं शास्त्र. माणूस आधीच इतका घाबरलेला, त्याला आणखी कशाला छळा, म्हणून मीही हट्ट केला नाही. आणि खरं सांगू का, एखाद्या दुपारी तिकडे गेले की बंद दाराबाहेर उभं राहून ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. घोगऱ्या गळ्यातून तो प्रचंड आवाज ते अक्षरशः खेचून काढत होते. मधेच खोकत, पाणी पीत, पुन्हा उचलत. घरावर पूर यावा आणि माणसानं एकेक भांडं माळ्यावर चढवावं तशी घाई चालली होती त्यांची.

शस्त्रक्रियेच्या दिवशी हे मामांना घेऊन तंजावरला गेले आणि मी मामींपाशी थांबले. आम्ही दोघी काहीबाही बोलत होतो. घड्याळाकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि बघत होते. दुपार झाली तशा मामी म्हणाल्या, 'लाव आता ते.' मी दचकून विचारलं, 'काय लावू?' 'त्यांनी माझ्यासाठी भरून ठेवलेय ते. अगो, मज डोळे नाहीत, कान आहेत. डॉक्टराकडून आले त्या दिवशी त्यांच्या पावलांचा आवाज वेगळा आला. पॉडकास्ट करणारा माणूस असा पाय ओढत चालतो?' मी उठून कॉम्प्युटर आणला, पहिली दुपार लावली.

ऐकते तर काय! मामांचा आवाज नव्हताच. म्हणजे होता, पण असा, जणू कावेरीच्या पलीकडच्या काठावर कुणी कुणाला हाका मारतंय. शब्द एक लागेल तर शपथ. आणि अगदी कानाशी, स्वच्छ, लख्ख, काय ऐकू येत होतं? मामींच्या बांगड्या. दोरा दातानं तोडल्याचा आवाज. मामींचं गुणगुणणं, मामींची शिंक, मामींचं 'हूं'. दुसरी दुपार लावली, तिसरी लावली. तेच! मी देवघरापुढे धावले तर तो माइक टेबलावर उभा होता, आणि त्याचा दिव्याचा चेहरा विठ्ठलाकडे. क्षणात सगळा उलगडा झाला. भजनाला बसणारा माणूस देवाकडे पाठ करत नाही, आपल्या पोराला करू देत नाही, मग माइकला कशी करू देईल? मामांनी पहिल्याच दिवशी त्याला अदबीनं फिरवून देवासमोर नीट बसवला होता. दिवा तर लागतच होता! पाठीच्या बाजूनं बसून त्या माणसानं आपला सगळा आवाज ओतला होता, आणि आता ह्या घटकेला तिकडे तंजावरला तो आवाज कापला जात होता. जे गेलं ते परत भरता येणार नव्हतं. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नाही. मला वाटलं, फोन करावा, ओरडावं, थांबा म्हणावं. काय थांबा? कुणाला थांबा?

मामी मात्र ऐकत बसल्या होत्या. म्हणाल्या, 'मी इतकी हूं हूं करते? अय्यो, म्हशीसारखी!' आणि हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मी झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला. 'त्यांस सांगूं नको. भिऊन मरतील.'

मामा जिवानिशी सुखरूप परत आले, पण आवाज आला नाही. काही आठवडे तर बोलायचंच नव्हतं. पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा घशातून निघाला तो आवाज नव्हता, नुसता वारा होता. वाळक्या पानावरून वाळकं पान घासावं तसा. माझ्याशी चार शब्द बोलले आणि माझा चेहरा बघून जे गप्प झाले ते गप्पच. मामींपुढे तर तोंड उघडेनात. त्यांना एकच धास्ती, हा आवाज ऐकून ती म्हणेल, हा कोण परका माणूस घरात शिरला? मग त्यांनी चिपळ्या काढल्या. एकदा वाजवल्या की उंबरा, दोनदा वाजवल्या की तापलेलं काही, लागोपाठ वाजवल्या की जागची हलूं नको. मी आणि हे सुरुवातीला हसलो, घरात अखंड भजन चालल्यासारखं वाटायचं. पण मामी हसेनात. चालत होत्या, ठेचकाळत नव्हत्या, आणि तरीही त्या दिवसांत वाळत चालल्या. फुलं गुंफायची थांबल्या. जेवताना हात ताटातच राहायचा. एकदा मला म्हणाल्या, 'अगो, आता मी खरी आंधळी जाहले.' मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. माणूस डोळ्यांदेखत विझतोय आणि आपण बघतोय, ह्यापरतं भय नाही.

मामांनाही ते दिसत होतं. एका दुपारी त्यांनी मला खुणेनं बोलावलं, कॉम्प्युटरकडे बोट केलं आणि त्या वाऱ्यासारख्या आवाजात म्हणाले, 'लाव ते. माझा जुना आवाज तिज ऐकव.' आता खोटं तरी कुठवर बोलायचं? मी सांगून टाकलं. ऐकताना मामांनी एकदा माइककडे बघितलं, एकदा विठ्ठलाकडे बघितलं, आणि पाटावर बसले. मामी देवघराशी बसलेल्या. त्यांनी सगळं ऐकलं. आणि मग मला काय सुचलं कोण जाणे. त्या माइकला खाली हेडफोन लावायची सोय होती. मी माझे हेडफोन आणून मामींच्या कानांवर चढवले, आवाज पार वरपर्यंत नेला आणि माइक उचलून त्याचा दिवा मामांकडे फिरवला. 'बोला,' म्हटलं, 'अगदी तोंडाजवळ घ्या आणि बोला.'

मामांनी दोन्ही हातांनी माइक धरला. घाबरून म्हणाले, म्हणजे म्हणाले असावेत, मला ओठांवरूनच कळलं, 'देवाकडे पाठ होतेय त्याची.'

हे बाहेर मला ऐकूही आलं नव्हतं, पण मामींना आलं. त्या ताठ बसल्या. हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरत म्हणाल्या, 'होऊं द्या. विठ्ठलास तुम्ही न बोलता कळते. मज नाही कळत.'

मामा रडायला लागले. अजिबात आवाज न होता रडणारा मोठा माणूस बघवत नाही, मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग केव्हातरी त्यांनी माइक ओठांशी नेला. मला काही ऐकू आलं नाही, पण काय म्हणाले ते मागाहून मामींनी सांगितलं. म्हणाले होते, 'मी आहे. ऐकूं येते काय?'

आणि मामी, कानांवर हेडफोन असलेली माणसं बोलतात तशा आळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, 'येते की! ओरडता कशास?'

आता रोज दुपारी हेच चालतं. मामा ओठांशी माइक धरून पाटावर, मामी शेजारी हेडफोन घालून, हातात फुलांचा दोरा. मामांचे ओठ हलत असतात. वर्तमानपत्राचं पान उलटतं, मामी 'हूं' म्हणतात, कधी एकदम हसतात, कधी 'अय्यो, मेला की काय तो?' म्हणून विचारतात आणि मामा पुढचा अपघात वाचतात. आत काय चाललंय ते बाहेर कुणालाच कळत नाही. मी साताऱ्याच्या गोधड्या अजून परत मागितलेल्या नाहीत. गोविंदपुरमला भजन असतं, झांजा वाजतात, दुसरं कुणीतरी अभंग उचलतं आणि बरा उचलतं. पण मधे एखादी ओळ वर चढायची असते तिथे आम्ही सगळे नकळत थांबतो, आणि मामा आमच्यातच मागे बसून टाळी धरत असतात. मामींना त्यांचा आवाज मिळाला. आम्हाला मात्र तो फार आठवतो.